ट्यून केलेल्या डिझेल ट्रकने ट्रेलर ओढायचाय, मग क्लच कुठला टाकायचा?

डिझेल पिकअपला ट्यून मारला (म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या कंप्युटरची फाइल बदलली), मोठे इंजेक्टर टाकले, टर्बो बदलला की सगळ्यात आधी हात टेकतो तो क्लच. कंपनीने तो मूळ टॉर्कच्या, म्हणजे इंजिनच्या फिरवायच्या जोराच्या, हिशोबाने दिलेला असतो, वर थोडी मार्जिन ठेवलेली असते आणि आपण ती मार्जिन लॅपटॉप लावून दहा मिनिटांत खाऊन टाकतो. मग मागे ट्रेलर, समोर लांब चढ, वरच्या गिअरला पाय दाबला की आरपीएमचा काटा पळतो वर आणि गाडी आपली आहे तिथेच, वर तो ओळखीचा जळका वास. यानंतर बहुतेक जण करतात काय, तर कॅटलॉग उघडायचा आणि ज्याच्यापुढे सगळ्यात मोठा आकडा लिहिलाय तो क्लच मागवायचा. माझ्या मते गडबड तिथेच होते. आकडा लागतोच, पण ओझं ओढणाऱ्या ट्रकचा क्लच जास्त करून गाडी जागेवरून हलवताना खराब होतो, आणि त्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

हे सगळं मुख्यतः अमेरिकन हेवी ड्युटी पिकअपला धरून लिहितोय कारण डिझेल, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागे जड ट्रेलर हे तिन्ही एकत्र तिथेच सापडतं. आता नवीन मिळत नाहीत म्हणा. जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनवाल्या पिकअपला मॅन्युअल २००६ पर्यंत होता, फोर्ड सुपर ड्युटी डिझेलला २०१० पर्यंत, आणि कमिन्स इंजिनवाल्या राम पिकअपला २०१८ पर्यंत, त्यानंतर सगळे ऑटोमॅटिक. म्हणजे आज जे काही चालतंय ते जुनं आहे, बहुतेकांचा एकदा तरी क्लच बदलून झालाय आणि पुष्कळांच्या गाडीत नक्की काय बसवलंय हे मालकालाही धड माहीत नसतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीत गिअरबॉक्स कुठला, इनपुट शाफ्ट किती जाड, त्यावर दाते किती, फ्लायव्हील (इंजिनच्या मागची जड चकती, जिच्यावर क्लच धरतो) ड्युअल मास म्हणजे दोन तुकड्यांचा आहे का साधा, हे खात्री करून घ्या, नुसतं मॉडेल इयर बघून ऑर्डर टाकू नका. एनव्ही४५०० गिअरबॉक्सलाच सव्वा इंची आणि १ ३/८ इंची असे दोन जाडीचे शाफ्ट सापडतात, आणि आधीच्या मालकाने शाफ्ट बदललेला असू शकतो, गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर हे कळलं तर गाडी जॅकवर आणि तुम्ही कुरिअरची वाट बघत.

आता टॉर्क. इथे एक घोळ नेहमी होतो तो म्हणजे चाकावरचा टॉर्क आणि क्रँकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टवरचा टॉर्क. डायनोवर (पॉवर मोजायच्या रोलरवर) गाडी चढवली की जो कागद मिळतो तो चाकावरचा असतो, म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शिअल वगैरेंनी आपला वाटा खाल्ल्यानंतरचा. क्लच बसतो इंजिनच्या लगेच मागे, त्याला पूर्ण क्रँकचा टॉर्क झेलायला लागतो. ढोबळ १५ टक्के नुकसान धरलं तर चाकावर ७५० पाउंड-फूट आलेत म्हणजे क्रँकवर साधारण ८८० आहेत. त्यावर २० ते २५ टक्के मार्जिन ठेवा, म्हणजे १०६० ते ११०० पाउंड-फूट क्रँक रेटिंगचा क्लच बघायचा. विकणाऱ्याला विचाराच की तुमचं रेटिंग क्रँकचं का चाकाचं, आणि सेंद्रिय प्लेटचं का सिरॅमिकचं (प्लेटच्या मटेरियलबद्दल खाली येतंच), कारण एकाच नावाच्या किटमध्ये दोन-तीन प्रकारच्या प्लेट मिळतात आणि जाहिरातीत अर्थातच सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो. फक्त एचपीमध्ये रेटिंग सांगत असेल तर टॉर्क मागून घ्या, क्लचला एचपी कळत नाही, कमी आरपीएमला ८०० पाउंड-फूट आणि जास्त आरपीएमला ८०० पाउंड-फूट यात एचपी दुप्पट फरकाची असेल पण प्लेटवर जोर तेवढाच.

मार्जिन कमी पडली तर काय होतं बघा. समजा क्लचमधून १००० न्यूटन मीटर टॉर्क जातोय (म्हणजे ७४० पाउंड-फूटच्या आसपास) आणि प्लेट फक्त ३०० आरपीएमने घसरतेय, आपल्याला काट्यावर नीट दिसणारही नाही इतकं. तर तिथे ३१ किलोवॅट उष्णता तयार होतेय. दहा सेकंद घसरली की ३१० किलोज्यूल. हा ३१० आकडा जरा लक्षात ठेवा, खाली परत लागेल. म्हणून चढावर घसरायला लागलेला क्लच "अजून एक फेरी निघेल" म्हणून चालवू नये, ती फेरी फ्लायव्हीलला निळे डाग आणि तडे देऊन जाते.

उलट दिशेची चूक पण तितकीच कॉमन आहे. ७५० चाकावर आहेत आणि माणूस १८०० रेटिंगचा रेसिंगवाला क्लच टाकतो, "पुढेमागे पॉवर वाढवलीच तर". होतं काय की तो क्लच घसरतच नाही, म्हणजे एरवी जो झटका क्लच खाऊन टाकायचा तो आता सरळ इनपुट शाफ्ट, गिअर, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्यावर जातो. आणि या गिअरबॉक्सच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. एनव्ही४५०० चं रेटिंग ४६० पाउंड-फूट, म्हणूनच २००१ मध्ये कमिन्सचं ५०५ पाउंड-फूटचं हाय आउटपुट इंजिन आलं ते फक्त सहा गिअरच्या एनव्ही५६०० बरोबर, पाच गिअरवाल्याला ४६० वरच ठेवलं. तेव्हा १२०० पाउंड-फूट धरणारा क्लच टाकला म्हणजे गाडी १२०० ची झाली असं नाही, आणि ट्रक-ट्रेलरची मिळून कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा तर क्लचने इंचभरही सरकत नाही.

आता रेटिंग येतं कुठून ते थोडक्यात, कारण हे कळलं की कॅटलॉग वाचायला सोपं जातं. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर: प्लेटचं घर्षण, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, प्लेटचा सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू किती. १३ इंची सेंद्रिय प्लेट घ्या, घर्षण ०.३, दाब १३००० न्यूटन, सरासरी त्रिज्या १३२ मिलिमीटर, बाजू दोन, गुणाकार साधारण १०३० न्यूटन मीटर म्हणजे ७६० पाउंड-फूट. वाढवायचं असेल तर त्रिज्या वाढवता येत नाही, हाउसिंगमध्ये जागाच नसते. मग राहिले तीन मार्ग. दाब वाढवा, म्हणजे पेडल जड. घर्षण वाढवा, म्हणजे सिरॅमिक, म्हणजे झटके. नाहीतर बाजू वाढवा, दोन प्लेट टाकून चार बाजू करा, म्हणजे डबल डिस्क. प्रत्येक किट या तिघांची कुठली ना कुठली भेळ असते, एवढं डोक्यात ठेवलं की "स्टेज २", "स्टेज ३" असल्या नावांना भुलायचं कारण उरत नाही, त्या स्टेज प्रत्येक कंपनीच्या आपापल्या असतात, एकाची तीन म्हणजे दुसऱ्याची दोन.

आणि आता मुख्य मुद्दा, गाडी हलवणं.

सपाट रस्त्यावर इंजिनचे आरपीएम स्थिर धरून क्लच सोडला तर क्लचमध्ये जेवढी उष्णता तयार होते ती साधारण गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच असते. हिशोब करून बघू. ट्रक आणि ट्रेलर मिळून ९००० किलो. जी५६ गिअरबॉक्सचा सुरुवातीच्या गाड्यांमधला पहिला गिअर ६.२९, दुसरा ३.४८, मागच्या अॅक्सलचं गिअरिंग ३.७३, टायरचा घेर अडीच मीटर. १००० आरपीएमला क्लच पूर्ण धरला तर पहिल्या गिअरला गाडी ताशी ६.४ किमीने चाललेली असते आणि क्लचने खाल्लेली उष्णता १४ किलोज्यूल. तेच दुसऱ्या गिअरवर उचललं तर वेग ११.६ आणि उष्णता ४६ किलोज्यूल, सव्वातीन पट! आणि चढ असेल तर दोन्हीकडे आणखी वाढणार. पहिला गिअर फार छोटा आहे म्हणून दुसऱ्यावर उचलायची सवय या ट्रकवाल्यांना जवळजवळ सगळ्यांना असते, रिकाम्या गाडीला चालतंय, काही बिघडत नाही, पण ट्रेलर लावल्यावर तीच सवय राहिली तर दुनियेतला कुठलाही क्लच टाका, टिकणार नाही.

वर सांगितलेला ३१० आकडा आठवतोय? म्हणजे दहा सेकंदाचं ते घसरणं हे दुसऱ्या गिअरवर भरलेला ट्रेलर जवळपास सात वेळा उचलण्याइतकं झालं. ४६ किलोज्यूलने २० किलोचा फ्लायव्हील सरासरी पाचच डिग्री तापतो, ऐकायला काहीच नाही, पण उष्णता तयार होते ती वरच्या पातळ थरात, आत मुरायला वेळ लागतो, आणि ट्रॅफिकमध्ये दर मिनिटाला थांब-चल सुरू असेल तर मुरायच्या आत पुढचा हप्ता येतो. सेंद्रिय प्लेट अशा वेळी वरून चकचकीत होते, काचेसारखी, आणि मग थंड झाल्यावरही पूर्वीसारखी धरत नाही.

ही उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते, आणि हा वर्गाचा हिशोब टायर आणि अॅक्सललाही लागू. साडेएकतीस इंचाच्या जागी ३५ इंची टायर टाकले की क्लचवरची उष्णता साधारण २३ टक्क्यांनी वाढली, काहीच दुसरं बदललं नसताना. ३.४२ च्या अॅक्सलवर ४.१० पेक्षा जवळपास ४४ टक्के जास्त. त्यामुळे क्लच निवडताना दुकानदाराला एचपी सांगण्याआधी टायर किती, अॅक्सल किती, ट्रेलर किती किलोचा, आणि कुठे उभा करायचा असतो हे सांगा. उंच टायर आणि कमी आकड्याचा अॅक्सल असलेल्या गाडीला क्लचवर खर्च करण्याआधी अॅक्सलचं गिअरिंग बदलणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं, कोणी ऐकत नाही ते सोडा.

रिव्हर्सचं तर विचारूच नका. ट्रेलर मागे घेताना चढावर, वळणावर, इंचाइंचाने हाफ क्लचवर गाडी धरून बसायचं, क्लच जाळायचा याच्याइतका खात्रीचा मार्ग नाही. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लो रेंज वापरा, या ट्रकच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या जादा गिअरबॉक्समध्ये) लो साधारण २.७२ असतो, त्याचा वर्ग ७.४, म्हणजे उष्णता सातव्या हिश्शाच्याही खाली. अडचण एवढीच की कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर-लो लावून वळलं की ड्राइव्हलाइन आवळते, म्हणून तिथे सरळ रेषेपुरतंच, कच्च्या जमिनीवर बिनधास्त. पुढचे हब मोकळे करता येत असतील किंवा टू-लोची (लो रेंज, पण जोर फक्त मागच्या चाकांना) सोय करून घेतली असेल तर प्रश्नच मिटला. माझ्या मते ट्रेलर ओढणाऱ्याने क्लच किटच्या आधी हे करून घ्यावं.

मग प्लेटचं मटेरियल कुठलं. सेंद्रिय प्लेट हळुवार धरते, इंचाइंचाने गाडी सरकवता येते, ट्रेलर हुकला जोडताना गाडी अर्धा इंच मागे घ्यायची असते तेव्हा हिची किंमत कळते. वाईट बाजू वर सांगितली, जास्त तापली की संपली. केव्हलर टिकते भरपूर, धरतेही मऊ, पण तिला रुळायला फार वेळ लागतो आणि त्या काळात ओझं लावलं तर ती कायमची चकचकीत होऊन बसते, आणि ट्रेलरवाल्यांना नेमका धीर नसतो. सिरॅमिक किंवा सिंटर्ड प्लेट उष्णतेला दाद देत नाही, घर्षण ०.४ च्या पुढे, पण एकतर धरणार नाहीतर सोडणार, मधलं काही नाही. रिकाम्या गाडीत सिग्नलवरून निघताना मान हलते. गंमत म्हणजे मागे ओझं असेल तेव्हा लोकांना सिरॅमिक त्यामानाने बरी वाटते कारण ती धरते आणि विषय संपतो, घसरायचा वेळच कमी. मात्र रिव्हर्समध्ये ट्रेलर बसवताना थरथर सुरू झाली की सगळं हुक खडखडायला लागतं.

एका बाजूला सेंद्रिय, दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अशा मिश्र सिंगल प्लेट पण मिळतात. चाकावर साधारण ६५०-७०० पाउंड-फूटपर्यंत, आठवड्यातून एखाद-दोनदा ट्रेलर, बाकी रोजची रिकामी ये-जा, अशा माणसाला हा चांगला तोडगा आहे. पेडल किंचित जड, निघताना किंचित थरथर, पण एका प्लेटचा साधेपणा राहतो, आवाज नाही.

त्याच्या वर गेलात, किंवा ट्रेलर हेच पोटापाण्याचं काम असेल, तर सेंद्रिय प्लेटांचा डबल डिस्क घ्या, रस्त्यावर चालवायला बनवलेला, प्लेटच्या मधोमध स्प्रिंग असलेला. लोकांना वाटतं डबल डिस्क म्हणजे रेसिंगचा. उलट आहे. चार बाजू मिळाल्यामुळे बनवणाऱ्याला दाब प्रमाणात ठेवता येतो, म्हणजे तेवढाच टॉर्क धरणाऱ्या सिंगलपेक्षा पेडल हलकं निघू शकतं, आणि घर्षण वाढवायची गरज नसल्याने मऊ सेंद्रिय मटेरियल चालून जातं. उष्णताही चार बाजूंवर वाटली जाते, मधली प्लेट आणि जाड प्रेशर प्लेट मिळून लोखंड जास्त असतं, त्यामुळे तापायला वेळ लागतो. तोटे सांगतो. पेडल दाबल्यावर मधली प्लेट मोकळी होते आणि खुळखुळते, बिघाड नाही तो, पण ज्याला आवाज सहन होत नाही त्याने आधी दुसऱ्याच्या गाडीत बसून ऐकावं. दोन प्लेट सुटायला पेडलचा प्रवास जास्त लागतो, त्यावर खाली येतोच. आणि सिरॅमिकचा डबल डिस्क ही वेगळीच जात आहे, ती ट्रॅक्टर पुलिंग आणि ड्रॅगवाल्यांची, ट्रेलरवाल्याने तिकडे बघूही नये.

फ्लायव्हीलबद्दल जरा थांबूया. जी५६ बरोबर कंपनीकडून ड्युअल मास फ्लायव्हील येतो, म्हणजे दोन तुकडे आणि मध्ये स्प्रिंग. सहा सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेऱ्याला तीन धक्के बसतात, ते गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून ही सोय. मूळ टॉर्कला छान चालतो, ट्यून केल्यावर त्या स्प्रिंगच आधी जातात, विशेषतः कमी आरपीएमला वरच्या गिअरवर पाय दाबून गाडी रेटायची सवय असेल तर. म्हणून जवळपास सगळे अपग्रेड किट सिंगल मास, एकसंध फ्लायव्हीलवर येतात. तो टाकला की न्यूट्रलला गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते, पेडल दाबलं की बंद. तो गिअरचे दाते एकमेकांवर आपटल्याचा आवाज, घाबरायचं कारण नाही, आयडल ५०-१०० आरपीएमने वाढवलं की पुष्कळ कमी होतो. पण मग धक्के खायचं काम फक्त प्लेटच्या मधल्या स्प्रिंगवर आलं, म्हणून बिनस्प्रिंगची, घट्ट मधल्या भागाची प्लेट ट्रेलरच्या गाडीला नको. एनव्ही४५०० चा पाचव्या गिअरचा नट ढिला होऊन पाचवा गिअरच जातो हे त्या गाडीच्या मालकांना माहितीच आहे, त्यात अशाच धक्क्यांचा हात असतो.

वजनाला हलका फ्लायव्हील घेऊ नका. कोणीतरी सांगेल इंजिन पटकन रेस होतं, होतं, पण ९ टन हलवताना आपल्याला उलटं हवंय, जड फ्लायव्हील आरपीएम पडू देत नाही आणि उष्णताही जास्त पोटात घेतो. जुना एकसंध फ्लायव्हील चांगला असेल तर लेथवर किंवा ग्राइंडरवर फेसिंग करून चालतो, निळे डाग खोल असतील, केसासारखे तडे बोल्टकडे गेले असतील तर सरळ बदला.

हायड्रॉलिककडे, म्हणजे पेडलचा जोर तेलाने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेकडे, लक्ष न देणं हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं. नवा क्लच बसवला आणि गिअर पडेना, रिव्हर्स टाकताना कर्रर्र, आणि शिव्या क्लच बनवणाऱ्याला. दोष असतो जुन्या मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडरचा, जड प्रेशर प्लेट दाबताना लाइन फुगते, सील गळतं, स्लेव्हचा प्रवास कमी पडतो. गंमत म्हणून एक करा, कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि इंजिनच्या बाजूने फायरवॉलवर जिथे मास्टर सिलिंडर बसलाय तिथे बघत राहा. जड क्लच असेल तर पत्रा चक्क पुढे फुगताना दिसतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटर, आणि तेवढा प्रवास स्लेव्हपर्यंत पोचतच नाही. यासाठी आधाराची पट्टी मिळते, ती आणि नवीन हायड्रॉलिक सेट क्लचबरोबरच टाका, गिअरबॉक्स दोनदा उतरवण्यात काही मजा नाही, एनव्ही५६०० तर नुसता साडेतीनशे पाउंडांच्या पुढचा ऐवज आहे, चांगल्या गिअरबॉक्स जॅकशिवाय त्याच्याखाली जाऊच नका.

जड पेडलचा आणखी एक उपद्रव. पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा सगळा जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि तो झेलतं थ्रस्ट बेअरिंग. सिग्नलवर मिनिट-मिनिट पेडल दाबून उभं राहणं हे जड प्रेशर प्लेटच्या गाडीत इंजिनला महागात पडतं. न्यूट्रल करा, पाय काढा.

ट्यूनचा भाग क्लचमध्ये मोडत नाही असं वाटेल, पण खरं म्हणजे फुकटातला सगळ्यात चांगला क्लच अपग्रेड तोच आहे. ऑटोमॅटिकसाठी लिहिलेली ट्यूनची फाइल मॅन्युअलमध्ये चालवू नका. कमी आरपीएमला डिझेल आवरून धरायचं, टॉर्क हळूहळू चढू द्यायचा, १८००-२००० च्या पुढे गेल्यावर मोकळं सोडायचं, आणि ट्रेलरसाठी एक वेगळी मवाळ फाइल ठेवायची जी स्विचने बदलता येईल. १४०० आरपीएमला ९०० पाउंड-फूट कशाला हवेत? चढ आला तर एक गिअर खाली घ्या, तोच वेग, तीच पॉवर, क्लचवर टॉर्क कमी.

बसवताना काय बघायचं तर इंजिनच्या मागचं ऑइल सील गळतंय का हे आधी, तेलाचा थेंब लागला की नवी प्लेट पण गेलीच समजा. पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फोर्क आणि त्याचा टेकू, हे सगळं नवीन. फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन आणि टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या आकड्यालाच. नव्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो तो ब्रेक क्लीनरने पुसायचा राहून जातो, मग पहिल्याच दिवशी थरथर. प्लेट उलटी बसत नाहीये ना ते बघा, डबल डिस्कमध्ये कुठली आधी आणि कुठली बाजू कुठे हे खुणेनुसारच, शक्यतो खोलायच्या आधी फोटो काढून ठेवा. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस नखभर, जास्त लावलं की फेकलं जाऊन प्लेटवर येतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा, आणि गिअरबॉक्स बसत नसेल तर बोल्टांनी ओढून घेऊ नका, प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच कधीच नीट सुटत नाही.

त्यानंतर रुळवणं. साधारण ८०० किलोमीटर, ट्रेलर नाही, ट्यून मूळ फाइलवर. आणि हे किलोमीटर गावातले पाहिजेत, हायवेवर सरळ ८०० मारले तर क्लचने किती वेळा धरलं? मोजून दहा-बारा. प्लेट रुळते ती धर-सोड करून. केव्हलर असेल तर याहून बरंच जास्त धरा, बनवणाऱ्याने सांगितलेला आकडाच पाळा. या काळात थोडा वास येईल, थोडी थरथर होईल, पेडलची धरायची जागा थोडी सरकेल, चालायचंच.

रुळल्यावर चाचणी घ्यायची असेल तर मोकळ्या रस्त्यावर, ट्रेलर न लावता, डायरेक्ट (१:१) गिअरला १५०० आरपीएमच्या आसपास आणा, पूर्ण पाय दाबा आणि काट्याकडे बघा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून चढले तर झालं, आरपीएम एकटाच उडाला तर घसरतोय. एकदाच बघा, खात्री म्हणून चार-चारदा नको. मग मवाळ फाइलवर हलका ट्रेलर, त्यानंतर पूर्ण ओझं, आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा खाली वाकून स्लेव्हच्या आसपास ओलं दिसतंय का आणि हाउसिंगच्या खालच्या भोकातून काही टपकतंय का ते बघून घ्या.